नवऱ्याला पिता येणार नाहीत असे पैसे

११ मार्च

औषधाच्या दुकानानं ही डायरी फुकट दिली. रोज साखर मोजा आणि यात लिहा, असं तिथला पोरगा म्हणाला. माझी साखर मला माहीत आहे, लिहिल्यानं ती घाबरून उतरणार नाही. पण पानं जाड आहेत आणि फुकटची वस्तू माझ्यानं फेकवत नाही, म्हणून लिहिते. अक्षरं मी चाळिशीत शिकले, मठातल्या बायकांकडून. त्यामुळे ओळी वर चढतात. चढू देत.

आज भिशीचा दिवस आणि रडारडीचा पण. एर्लिंदानं जानेवारीत भिशी उचलली होती, छपराच्या पत्र्यांसाठी. पैसे घेवड्याच्या डब्यात लपवले. नवऱ्यानं डबा हुंगून काढला. छप्पर अजून गळकंच आहे आणि नवरा दोन महिने झिंगतोय. बायका तिच्याभोवती बसून हळहळत होत्या. मी म्हटलं, हळहळून पत्रा बसत नाही. नऊ जणींची भिशी, सव्वीस वर्षं मी चालवते, माझ्या हातात कुणाचं काही बुडालं नाही. घरी नेल्यावर नवरे पितात त्याला मी काय करू?

तेव्हा नोएमी मध्ये बोलली. ही माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते, शाळेत कॉम्प्युटर शिकवते. राजधानीतली आहे. मनगटावर मासोळी गोंदवलेली, आणि पुपूसा, मी विकते ती सारण भरलेली मक्याची भाकरी, काट्यानं खाते. हातानं खा म्हटलं की हसते. ती म्हणाली, ते फोनमधले पैसे, बिटकॉइन, कागदावर उतरवता येतात. दोन वर्षांमागं सरकारनं प्रत्येकाच्या फोनात तीस डॉलर टाकले होते, तेव्हा आम्ही ते काढून कोंबड्या घेतल्या आणि विषय संपवला.

"फोन तर नवरा आधी उचलतो," ओब्दूलिया म्हणाली. ही आमच्यातली चिक्कू. हिच्या घरी माशीसुद्धा उपाशी परत जाते.

"फोन नाही, कागद. आणि तो कागद गुत्त्यावर कुणी घेणार नाही," नोएमी म्हणाली.

 नवऱ्याला पिता येणार नाहीत असे पैसे. चर्चमध्येसुद्धा इतकी शांतता नसते.

१९ मार्च

कागद झाले. मी समोर स्टूल टाकून बसले होते, नजर हलवली नाही. आधी तिनं कॉम्प्युटरची बाहेर जाणारी तार काढली, कुणी डोकावू नये म्हणून. मग छोट्या यंत्रातून नऊ कागद निघाले. प्रत्येकावर दोन चौकोन, मुंग्या सांडल्यासारखे. एक बाहेर राहतो, एक घडीच्या आत जातो. बाहेरच्यातून पैसे टाकायचे, आणि त्यावर फोन धरला की किती साठले ते दिसतं. आतला चौकोन आणि त्याच्याखालची अक्षरं काढण्यासाठी. ती ज्याच्या हाती लागली त्याचे पैसे.

म्हणजे मातीचा गल्ला, मी म्हटलं. वर फट, आणि फोडायचा हातोडा आतच ठेवलेला.

"अगदी तसंच. फक्त हातोडा डिसेंबरपर्यंत आतच राहू द्या."

घडी घातली, वर चंदेरी पट्टी चिकटवली. यंत्राच्या पोटात जे राहिलं असेल ते पुसून टाकलं. तुझ्याकडे काय राहिलं, असं विचारलं तर म्हणाली, काही नाही, राहायलाच नको, कागद हरवला तर मीसुद्धा तो पुन्हा करून देऊ शकत नाही. हे मला पटलं नाही. करणाऱ्यालाच परत करता येत नाही ती कसली वस्तू?

पण बायकांचा भरवसा पोरीवर नाही, माझ्यावर आहे. म्हणून प्रत्येक घडीवर मी सही केली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, जिचा कागद बुडेल तिनं टाकलेले पैसे मी भरीन. तोंडातून गेलं. भिशी चालवणाऱ्या बाईला हे म्हणावंच लागतं.

ट्रान्सितोनं कागद तिथंच चोळीत घातला. ती मासे विकते, दोन मुलं होडी घेऊन समुद्रात जातात आणि होडीचं इंजिन क्षयाच्या रोग्यासारखं खोकतं. डिसेंबरात तिला दुसरं इंजिन घ्यायचंय. "निन्या लीपा, माझी पोरं तुमच्या सहीवर समुद्रात चाललीत बरं का," म्हणाली. सत्तरीच्या बाईला इथं निन्या म्हणतात, म्हणजे पोरगी. फुकटचं आहे, मी घेते.

२३ मार्च

संध्याकाळी कोंपाद्रे आबेलीनो आले. चर्चसमोर त्यांचं दुकान आहे: वह्या, झेरॉक्स, प्लास्टिक चढवणं, अर्ज टाइप करणं. या गावातलं प्रत्येक जन्म, लग्न आणि मरण त्यांच्या यंत्रातून गेलंय. लहानपणी मी त्यांना शेंबड्या नाकानं पाहिलंय आणि अरे म्हणून हाक मारलीय. पण माझ्या मारिसेलाला बाप्तिस्म्याला त्यांनी हातात धरलं, तिचे पाद्रीनो म्हणजे धर्मपिता झाले, त्या दिवसापासून ते कोंपाद्रे आणि मी कोमाद्रे. अरे-तुरे बंद, अहो-जाहो सुरू. भावाशी माणूस भांडतो, कोंपाद्रेशी नाही.

बायको गेल्यापासून रोज येतात, बाकाच्या टोकाला बसतात. लोरोकोच्या कळ्या घातलेल्या दोन पुपूसा दिल्या. कळ्या उद्यापर्यंत टिकल्या नसत्या म्हणून दिल्या. पैसे घेतले नाहीत, सुट्टे नव्हते.

कागदाचं त्यांनी सगळं विचारून घेतलं. ऐकून मान हलवली. "ज्याची झेरॉक्स नाही तो कागद अर्धाच, कोमाद्रे." खरं आहे. आमच्याकडे सरकारी कचेरीत झेरॉक्स नसेल तर जिवंत माणसालासुद्धा मेलेलं धरतात.

१४ मे

दर महिन्याला बायका रोकड आणतात, नोएमी फोनवरून जिच्या तिच्या कागदात घालते. मग सगळ्या आपापल्या चौकोनावर फोन धरून बघतात. टाकले त्याहून जास्त दिसतात. एर्लिंदा आठवड्यातून तीनदा बघते, दूध उतू जातंय का बघावं तसं. नवऱ्यानं कागद शोधून काढला, उलटासुलटा केला आणि परत ठेवला म्हणे. आम्ही पोट धरून हसलो.

मारिसेलाचा ह्यूस्टनहून फोन आला. "आई, तू तर बँक झालीस." मी म्हटलं, बँकेला माझ्यासारखी पुपूसा थापता येत नाही.

२२ जून

काल ट्रान्सितो रडत आली. लाट अंगावर आली आणि चोळीतला कागद भिजला. पट्टी सुटली, शाई पसरली, अक्षरं अजून वाचता येतात पण जेमतेम. नोएमी राजधानीत गेलीय, आईचं ऑपरेशन आहे, फोन लागत नाही. इथल्या खाऱ्या हवेत कागद टिकत नाही हे त्या शहरी पोरीला कसं सुचावं? आमच्याकडे कागद कामाचा असेल तर त्यावर प्लास्टिक चढवतात. माझा जन्मदाखला, माझ्या नवऱ्याचा, रुतिलियोचा मृत्युदाखला, मारिसेलाचं शाळेचं बक्षीस, सगळं प्लास्टिकमध्ये आहे. झुरळ चाटून परत जातं.

म्हणून आज आठ जणींचे कागद घेऊन कोंपाद्रेंकडे गेले. ओब्दूलिया आली नाही. प्लास्टिकचा डॉलर तिला जड झाला. तिचा कागद तांदळाच्या डब्यात कोरडा आहे म्हणे.

घडी घातलेला कागद यंत्रात अडकेल, सपाट करावा लागेल, असं कोंपाद्रे म्हणाले. पट्ट्या मी स्वतः सोडवल्या. दुकानातल्या सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि यंत्राशेजारी उभी राहिले. आतलं कुणाच्या नजरेला पडता कामा नये, हे मी कोंपाद्रेंना बजावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, "घ्या, आता मला माझा हातसुद्धा दिसत नाही."

गरम रूळ कधी कधी कागद खातो, म्हणून आधी प्रत्येकाची एकेक झेरॉक्स काढून ठेवली. माझ्या नावाची फाइल त्यांच्याकडे आहेच, तीत घातल्या. मी म्हटलं, झेरॉक्सनं पैसे देणारा अजून जन्मायचाय. दोघंही खूप हसलो. मग आतल्या चौकोनावर प्लास्टिकवरून त्यांनीच काळी चिकटपट्टी लावून दिली, नीट, चारी कोपरे दाबून. आठ डॉलर झाले, सहाच घेतले. असा माणूस.

३० जून

नोएमी आली. प्लास्टिक बघून तिचं तोंड उतरलं. विचारते, उघडलं कुणी? मी. कुठं? कोंपाद्रेंच्या दुकानात. तिथं कोण होतं? मी उभी होते ना, दार लावून. झेरॉक्सचं तिनं विचारलं नाही आणि मला सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

म्हणाली, नवे कागद करू, सगळे पैसे त्यात हलवू, थोडा खर्च येईल. बायकांना विचारलं. ज्यांनी नुकते प्लास्टिकला पैसे घातले त्या कशाला ऐकतायत? मलाही तिचं बोलणं लागलं. कोंपाद्रेंवर संशय घेण्याइतकी ही या गावात केव्हा मोठी झाली?

६ ऑगस्ट

जत्रा. दिवसभर तवा थंड झाला नाही. दुपारी कोंपाद्रे पंखा घेऊन आले. टेबलावर ठेवायचा, निळा, तीन वेगांचा. तव्यापुढं तुम्ही भाजून निघता, म्हणाले. एवढे पैसे कशाला घातलेत, मी विचारलं. जत्रेत धंदा बरा झाला म्हणे.

पंखा ठीक आहे. पहिल्या वेगावर आवाज करतो. दुसऱ्यावर ठेवलाय. नवा एप्रन घातला होता तो त्याच्या वाऱ्यानं उडत होता, बरं दिसत होतं असं ट्रान्सितो म्हणाली. तिला कामं नाहीत.

९ ऑगस्ट

माझ्या कागदावर फोन धरला, आकडा उतरलेला दिसला. बाकीच्यांचा तसा नव्हता. हे पैसे वर-खाली होतात असं नोएमीनंच सांगितलं होतं. तिला म्हटलं तर कपाळाला आठ्या घालून कागद मागायला लागली. मी मक्याचं पीठ भिजवत होते, हात भरलेले. नंतर बघू म्हटलं. ही पोरगी फार प्रश्न विचारते.

१५ ऑक्टोबर

आकडे चढतायत. ट्रान्सितो बंदरावर जाऊन इंजिन बघून आली, विकणाऱ्याला शब्द देऊन आली. जुनं इंजिन परवा खाडीच्या तोंडाशी बंद पडलं, पोरं अर्धा दिवस वाहत होती, दुसऱ्या होडीनं ओढून आणली. ट्रान्सितो ते सांगताना हसत होती. तिचे हात हसत नव्हते.

कोंपाद्रेंनी विचारलं, एर्लिंदाचा कागद किती झाला, ट्रान्सितोचा किती. सगळ्यांची काळजी करतात. त्यांच्या जावयानं नोकरी सोडली, दिवसभर दुकानात फोन घेऊन बसलेला असतो. असल्या जावयापेक्षा कुत्रा पाळावा, मी म्हटलं.  त्यांनी दोनऐवजी एकच पुपूसा खाल्ली.

१९ नोव्हेंबर

गेलं. सगळं गेलं.

सकाळी एर्लिंदा धावत आली, फोन पुढं धरून. शून्य. तिचा फोन बिघडला म्हणून माझा धरला. शून्य. मग ट्रान्सितो, मग बाकीच्या, एकामागून एक, हातात प्लास्टिक घेऊन, चर्चमध्ये मेणबत्त्या घेऊन येतात तशा. माझाही शून्य. कालपर्यंत होतं.

फक्त ओब्दूलियाचे आहेत. पै न पै, वर वाढलेले. ती तांदूळ लागलेला कागद घेऊन उभी होती आणि तिला हसावं की रडावं कळत नव्हतं.

मला मात्र तेव्हाच कळलं. ओब्दूलिया आणि नोएमी. दोघींनी मिळून. हिचे तेवढे सोडले, म्हणजे संशय येणार नाही.

२० नोव्हेंबर

नोएमीला घालवून दिलं.

ती आधी म्हणाली, मी कागद केले तेव्हा तुम्हीच समोर बसला होतात. मग म्हणाली, प्लास्टिक चढवलं तिथं विचारा. मी म्हटलं, त्या दुकानात चाळीस वर्षांचे गावाचे कागद पडलेत, एकाचं चिटोरं हरवलं नाही, त्या माणसानं माझी मुलगी देवासमोर हातात धरलीय, तू कोण? सामान दाराबाहेर ठेवलं. छापायचं यंत्र जड होतं ते राहिलं.

रस्त्यावर बायका उभ्या होत्या. कुणीतरी थुंकलं. नोएमीनं तोंड पुसलं आणि बसथांब्याकडे गेली. मागं बघितलं नाही.

२३ नोव्हेंबर

पोलिसात अर्ज द्यायचा म्हणून कोंपाद्रेंकडे टाइप करायला गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, नका देऊ, कोमाद्रे. सही तुमची, जबाबदारी तुमची, आधी तुम्हालाच धरतील. पोरगी तर पळाली.

मग आवाज खाली करून म्हणाले, माझ्याकडे नऊशे आहेत, घ्या, व्याज नको, जमेल तेव्हा द्या.

माझ्या डोळ्यांत त्या यंत्राची गरम वाफ गेली, दुसरं काही नाही. या वयात या गावात मला असं कोण म्हणणार आहे? घेते म्हटलं.

२७ नोव्हेंबर

नोएमी यंत्र न्यायला आली. सोबत भाऊ होता, तो टेम्पोतच बसून राहिला. मी आत ये म्हटलं नाही, ती आली. म्हणाली, पोलिसांकडे मी स्वतः जाऊन आले, ते हसले. पण हे पैसे कुठून कुठं गेले ते कुणालाही बघता येतं. कुणी नेले ते नाव दिसत नाही, वाट दिसते. आठही कागदांतले पैसे एकाच ठिकाणी गेलेत. आणि त्या ठिकाणी सगळ्यांत पहिल्यांदा पैसे गेले ते तुमच्या कागदातून. ऑगस्टमध्ये. चाळीस डॉलर.

"ऑगस्टमध्ये कधी?" मी विचारलं.

"सहा तारखेला. सकाळी."

पंखा चालू होता. मी उठून बंद केला.

मग मीच तिला विचारलं, झेरॉक्सनं पैसे काढता येतात का? ती म्हणाली, "निन्या लीपा, यात झेरॉक्स असं काही नसतं. जे उतरवलं तेच पैसे. तुम्ही त्यांच्या हातात हातोडा दिलात आणि गल्ला फुटू नये म्हणून दारात पहारा केलात."

दोन महिन्यांचं भाडं तिला परत दिलं. पुपूसा वाढल्या. तिनं खाल्ल्या, हातानं. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, हो. यंत्र उचलायला भावाला हाक मारली आणि गेली. तिनं काहीतरी वेगळं म्हणावं असं मला वाटत होतं. का म्हणावं?

२८ नोव्हेंबर

पंखा काखेत मारून दुकानात गेले. एक पोरगी मुलाच्या दाखल्याची झेरॉक्स घेत होती, ती जाईपर्यंत थांबले. जावई नव्हता. नवी मोटरसायकल घेऊन कुठंतरी गेला होता. ती मोटरसायकल मी आठवडाभर बघत होते, बघूनही बघितली नव्हती.

फाइल काढा म्हटलं. त्यांनी काढली. आठही झेरॉक्स जागेवर, टाचणी लावून, क्रमानं. जाळल्यासुद्धा नव्हत्या.

पंखा मी त्यावर ठेवला. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, जावई म्हणाला की हे चालतं. मला खरं वाटलं नाही. खरंच चालतं का, एवढंच बघायचं होतं.

"मग माझाच का?"

"परक्याच्यातून कसं घेणार, कोमाद्रे? तुम्ही आपल्या. म्हणून तुमच्यातलं घेतलं. आणि तेही तुमच्यासाठीच खर्च केलं."

हे त्यांनी असं सांगितलं जसं काही माझ्यावर उपकार आहेत. आणि वाईट हे की ते खोटं बोलत नव्हते.

"बाकीच्यांचं?"

"मग चाललं, ना. एकदा चालतं म्हटल्यावर घरात त्याच्याशिवाय दुसरं बोलणंच नाही. जावयानं केलं. मी नको म्हणालो नाही."

किती उरले विचारलं. नऊशे. जे मला उसने देणार होते तेच. म्हणजे माझ्या बायकांचे पैसे मला उसने, आणि मी ते जन्मभर फेडत त्याचे आभार मानायचे.

"आबेलीनो," मी म्हटलं, "ते नऊशे आण इकडे. आणि फाइल पण दे."

चाळीस वर्षांनी अरे म्हटलं. त्यानं पैसे मोजून दिले, फाइल दिली. मारिसेलाला सांगू नका, म्हणाला. मी फाइल काखेत मारली. घरी येऊन आठही झेरॉक्स चुलीत घातल्या. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी घातल्या.

२ डिसेंबर

बायकांना बोलावलं. सांगितलं, नोएमीचा यात काही हात नाही, ओब्दूलियाचाही नाही. घड्या मी उघडल्या. चूक माझी.

मग नेले कुणी, एर्लिंदानं विचारलं. मी म्हटलं, ते मी सांगणार नाही.

आबेलीनोला वाचवायला नाही. लोकांनी त्याचं दुकान जाळलं असतं तर मी पाणी ओतायला गेले नसते. पण सांगायचं म्हणजे हेही सांगायला हवं, की मी तिथं दार लावून उभी होते, की मी हसले, की मी पंख्यापुढं नवा एप्रन घालून बसले. ते मी सांगणार नाही. माझ्याकडे बघताना बायकांचे चेहरे बदलले. जिला माहीत आहे आणि सांगत नाही, ती अर्धी त्यातलीच. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

१६ डिसेंबर

दिले सगळ्यांचे. जेवढे टाकले तेवढे. वरचे वाढलेले गेले, ते कुणाचेच नव्हते म्हणा.

नऊशे ते. मारिसेलानं माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पाठवलेले होते ते. आणि दफनभूमीतली रुतिलियोच्या शेजारची जागा विकली. पाद्री म्हणाले, विचार करा, निन्या लीपा, पती शेजारी नको का? मी म्हटलं, चाळीस वर्षं शेजारी झोपले, त्याचं घोरणं माझ्या कानात अजून आहे, पुरे झालं. घेणारा गावाबाहेरचा आहे. मला कुठंही पुरा. मी उठून बघणार नाही.

ट्रान्सितोनं इंजिन घेतलं. पैसे घेताना तिनं मोजले. आधी कधी मोजत नव्हती.

१४ जानेवारी

या डायरीचं वर्ष संपलं, मागची काही पानं कोरी आहेत.

आज नवी भिशी सुरू झाली, ओब्दूलियाच्या घरी. बोलवायला कुणी आलं नाही, ऐकून मीच गेले. रोकड, डबा, कुलूप. कागदाचं नाव कुणी काढलं नाही. मी माझे पन्नास टेबलावर ठेवले. ओब्दूलियानं ते बोटानं थोडे माझ्याकडे सरकवले. तशी ती वाईट नाही. म्हणाली, यंदा नवा नियम आहे, प्रत्येकीला कुणीतरी जामीन हवा.

सगळ्यांना एकमेकींचा जामीन होता. मी उभी राहिले. ट्रान्सितो तिच्या चपलेचा पट्टा लावत होती. तो पट्टा लावायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ मी तिला दिला. मग पन्नास उचलले, एप्रनमध्ये घातले आणि घरी आले. मका भिजत घालायचा होता.

संध्याकाळी मारिसेलाचा फोन. यंदा भिशी कुणाकडे, असं विचारलं. माझ्याकडेच, दुसऱ्या कुणाला जमतंय, मी म्हटलं. गुडघा कसा आहे? उत्तम, आता मी नाचते.

मग ती म्हणाली, इथून एक बाई निघालीय, तिच्यासोबत खोकं पाठवते, तुझ्यासाठी गोळ्या आणि पाद्रीनो आबेलीनोंसाठी बूट. जत्रेच्या फोटोत त्यांचे फाटलेले दिसले. त्यांना विचार ना, माप काय.

"विचारायला नको," मी म्हटलं. "बेचाळीस. उजवा पाय रुंद आहे, लेसवाले घेऊ नकोस. वाकता येत नाही त्याला."

मला कसं माहीत, ते तिनं विचारलं नाही.